अर्ध्या कोसावरचा सामना

मराठी शिकवणाऱ्या माणसाला एक खोड असते. घरातल्या बोलण्यातही छापील शब्द वापरल्यावाचून त्याला राहवत नाही. या खोडीपायी २००७ सालच्या ऑगस्टअखेरीस, अमेरिकेतल्या ॲन आर्बर गावी, ताईच्या घरात मी एक गोंधळ उडवून दिला. भावोजी सकाळपासून असे घुम्यासारखे का बसले आहेत, म्हणून आईने मला हळूच विचारले. मी म्हटले, "अगं, नवी वाहिनी सुरू झालीय कालपासून, पण ती यांच्याकडे येत नाहीये."

आई अळीवाचे लाडू वळत होती. तिचे हात थांबले. "कुणाची वहिनी? आणि येत नाही म्हणजे काय? बारशाचं बोलावणं नव्हतं का तिला?"

घोटाळा लक्षात येताच ताई हसत सुटली, आणि टाके दुखतात म्हणून हसणे आवरूही लागली. पण पुढे ते प्रकरण जसजसे मला कळत गेले, तसतसे वाटू लागले की आई फारशी चुकली नव्हती. प्रकरण रुसव्याफुगव्याचेच होते. देणेघेणे होते, मानपान होता, आणि दोन्ही पक्ष "आमचे काही अडलेले नाही" असे म्हणत उंबऱ्याशी अडून बसले होते.

मी तिथे कशी, हे सांगायला हवे. ताईचे पहिलेच बाळंतपण. आईला जाणे भाग होते, आणि एकटीने विमानात बसायला ती मुळीच तयार नव्हती. माझे एम.ए. होऊन काही वर्षे लोटली होती. तासिका तत्त्वावर दोन महाविद्यालयांत शिकवीत होते. म्हणजे मी नसले तरी कुणाचे काही अडणार नव्हते. तेव्हा आईची पिशवी सांभाळायला माझी नेमणूक झाली. पिशवीत डिंक, अळीव, खारीक, सुंठ. त्या डिंकावरून विमानतळावरच्या अधिकाऱ्याने घेतलेली उलटतपासणी हा एका स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

ॲन आर्बर हे मिशिगन विद्यापीठाचे गाव. पुण्यालाही विद्येचे माहेरघर म्हणतात, पण पुण्याला इतर व्याप पुष्कळ. ॲन आर्बरला दुसरा व्याप नाही. त्या वेळी वस्ती सुमारे एक लाख चौदा हजार, आणि गावातल्या फुटबॉलच्या स्टेडियममध्ये बसायला जागा एक लाख सात हजारांच्या वर! म्हणजे सामन्याच्या दिवशी गावाइतकेच एक दुसरे गाव त्या खड्ड्यात उतरते. खड्डा अशासाठी म्हणायचे की, १९२७ साली बांधलेले हे स्टेडियम बरेचसे जमिनीच्या पातळीखाली आहे. रस्त्यावरून जाताना त्याचा आवाका कळत नाही. १९७५ सालच्या नोव्हेंबरपासून तिथल्या एकाही सामन्याला लाखाहून कमी माणसे आली नव्हती. फुटबॉल म्हणजे आपला पायाने खेळायचा नव्हे. लांबुळका चेंडू बगलेत मारून पळायचे, आणि पळणाऱ्याला उरलेल्यांनी आडवे पाडायचे. आणि हे सारे खेळतात कोण, तर महाविद्यालयातली पोरे! आमच्या महाविद्यालयाच्या सामन्याला क्रीडाशिक्षक, दोन शिपाई आणि तास चुकवलेली पंधरावीस मुले यांपलीकडे प्रेक्षक मी पाहिला नव्हता. त्यामुळे लाखाचा आकडा ऐकून मला आधी ते खोटेच वाटले.

भावोजी या विद्यापीठात १९९८ साली एम.एस. करायला आले. सोलापूरकडचा मुलगा, ओळखीचे कुणी नाही, इंग्रजी पुस्तकी. पहिल्या महिन्यात आपण कुणाशी बोललोच नाही, असे ते सांगतात. मग खोलीतल्या जोडीदाराने एका शनिवारी जादाचे तिकीट दिले. खेळ काडीचा कळला नाही. पण मिशिगनने गोल की काय तो केला, तेव्हा शेजारच्या एका अनोळखी म्हाताऱ्याने यांना मिठी मारली. "त्या दिवशी मला इथं गाव मिळालं," असे भावोजी म्हणत. तेव्हापासून दरवर्षी ते घरच्या सामन्यांची तिकिटे घेत आले. २००७ साली मात्र घरात पंधरा दिवसांचे बाळ. पहिल्या सामन्याचे तिकीट त्यांनी एका नव्या विद्यार्थ्याला देऊन टाकले. आपण घरी टी.व्ही.वर बघू, असा साधा हिशेब केला. तो हिशेब चुकला.

मिशिगन ज्या संघटनेत खेळते तिचे नाव 'बिग टेन'. १८९६ साली शिकागोला स्थापन झालेली ही विद्यापीठांची पंगत. नावात दहा, पण २००७ साली पानावर अकरा जण होते, आणि आज तर अठरा आहेत. नाव बदलावे असे कुणाला वाटत नाही. मोजणी न करता नाव चालवण्याची ही रीत पाहून मला आपल्याकडची पुष्कळ मंडळे आठवली. तर या विद्यापीठांनी ठरवले की, आपले सामने दुसऱ्यांच्या वाहिन्यांना विकत बसण्यापेक्षा आपलीच वाहिनी काढावी. एक्कावन्न टक्के मालकी विद्यापीठांच्या संघटनेची, एकोणपन्नास टक्के फॉक्सची. ३० ऑगस्ट २००७ रोजी 'बिग टेन नेटवर्क' सुरू झाले. डायरेक्टीव्हीच्या उपग्रहसेवेवर ते पहिल्या दिवसापासून देशभर दिसू लागले. पण मोठमोठ्या केबल कंपन्यांनी ते घेतले नाही, आणि गावोगावची बहुतेक घरे तर केबलवाल्यांकडे! मराठीत आपण चॅनेलला वाहिनी म्हणतो, म्हणजे वाहून नेणारी. इथे तिला वाहून न्यायलाच कुणी तयार नव्हते.

भांडण पैशांचे होते, पण साधे नव्हते. भावोजींनी ते आईला समजावून सांगितले. वाहिनी केबल कंपनीकडे दर घरामागे दर महिन्याला काही रक्कम मागते. विद्यापीठांच्या आपल्या राज्यांत ती एक डॉलर दहा सेंटांच्या घरात असल्याचे वर्तमानपत्रांत येत होते, आणि बाहेरच्या राज्यांत अवघी दहा सेंट. शिवाय अट अशी की, वाहिनी सर्वसाधारण वर्गणीतच द्यायची, म्हणजे बघणारा आणि न बघणारा अशा दोघांनीही पैसे भरायचे. केबलवाल्यांचे म्हणणे, खेळाच्या वाहिन्यांचा वेगळा गट आहे, त्यात घालू; ज्याला बघायचे तो भरील. यावर वाहिनीचे म्हणणे, तसे केले तर आम्ही जगणारच नाही.

"म्हणजे गणपतीची वर्गणी!" आई म्हणाली.

आम्ही तिघेही तिच्याकडे पाहू लागलो.

"आमच्या वाड्यात हेच व्हायचं. मंडळाची मुलं म्हणायची, दर बिऱ्हाडामागं अमुक द्या. मग वरच्या मजल्यावरचे एक गृहस्थ म्हणायचे, मी आरतीला येत नाही, मला आवाजाचा त्रास होतो, मी का देऊ? आणि मुलं म्हणायची, येणाऱ्यांनीच द्यायचं म्हटलं तर मूर्तीसुद्धा यायची नाही."

"मग कोणाचं खरं, आई?" भावोजींनी उत्सुकतेने विचारले. सासूबाई आपल्या बाजूने निकाल देतील, अशी त्यांची खात्री दिसली.

आई थोडा वेळ लाडू वळत राहिली. "वर्गणी सगळ्यांनी द्यावी. पण मंडळाच्या मुलांनी वर्गणी न देणाऱ्याच्या पोरापुढं कधी पडदा नाही ओढला हो. सगळ्यांची पोरं प्रसादाला असायची."

या खटल्याचे कागद मी पुढे पुष्कळ चाळले. पण माझ्या आईच्या या दोन वाक्यांत आले नाही असे फारसे काही त्यांत सापडले नाही.

तसे म्हटले तर दुसरी बाजूही त्याच इमारतीत राहत होती. ताईच्या खालच्या मजल्यावर एक वृद्ध बाई एकट्या राहत. भावोजी जिन्यात कुरकुरले तेव्हा त्यांनी शांतपणे विचारले, की मी फक्त हवामान आणि जुने चित्रपट बघते. तुमच्या फुटबॉलसाठी माझे केबलचे बिल का वाढावे? भावोजींना उत्तर सुचले नाही. आणि वरच्या मजल्यावर एक उंच, हसरी मुलगी होती; विद्यापीठात व्हॉलीबॉल खेळायची. तिला वाहिनीचा हर्ष झाला होता. फुटबॉलला काय, कुणी ना कुणी दाखवतेच. पण या वाहिनीने जाहीर केले होते की तीन वर्षांच्या आत पुरुषांचे आणि स्त्रियांचे सामने सारख्याच संख्येने दाखवू. तिची आई दूर दुसऱ्या राज्यात कामाला. लेकीला विद्यापीठाकडून खेळताना तिने अजून पाहिले नव्हते. जिन्यात ही सर्व माणसे एकमेकांना भेटत, आणि प्रत्येकाचे म्हणणे ऐकताना मला ते पटत असे. असल्या भांडणात मी कधीच उपयोगाची नसते.

भावोजींनी दुसरा मार्गही शोधला. केबल सोडून डिश घ्यायची! आई डिशला छत्री म्हणे. पण ताईच्या घराचा सज्जा उत्तरेला, आणि हे उपग्रह विषुववृत्तावर उभे. तेव्हा छत्रीला तिथून दक्षिणेचे आकाश दिसायला हवे. "एका सामन्यासाठी आता घर फिरवून घेऊ या का?" ताईने विचारले. रात्रभराच्या जागरणाने ती अशी तिखट झाली होती, की भावोजींनी तो विषय सोडला.

त्याच रात्री पुण्याहून अण्णांचा फोन आला. नात कशी आहे, हे विचारून झाल्यावर आईने त्यांना वाहिनीची हकिगत सांगितली. अण्णांना विलक्षण आनंद झाला. का, तर आपल्यावर गुदरलेला प्रसंग अमेरिकेवरही यावा, यात त्यांना न्याय दिसला. त्याच वर्षी २१ जानेवारीला नागपूरला वेस्ट इंडीजशी एकदिवसीय सामना होता. हक्क एका नव्या खासगी वाहिनीकडे, ती आमच्या केबलवर नाही, आणि दूरदर्शनवर थेट प्रक्षेपण नाही. पुनरागमन करणाऱ्या सौरभ गांगुलीने त्या दिवशी ९८ धावा काढल्या, आणि आयुष्यभर बाळ ज. पंडितांच्या मराठी समालोचनावर क्रिकेट 'पाहिलेले' अण्णा कोऱ्या पडद्यासमोर बसून होते. मग फेब्रुवारीत वटहुकूम आणि मार्चमध्ये संसदेचा कायदाच झाला. राष्ट्रीय महत्त्वाचे सामने ज्याच्याकडे असतील त्याने ते दूरदर्शनलाही द्यायचे. "त्यांना म्हणावं कायदा करा, कायदा!" अण्णा इतक्या मोठ्याने ओरडले, की फोनची गरजच नव्हती. भावोजींनी त्यांना सांगितले की, इथे असा कायदा नाही. इथे दोन कंपन्यांचे पटले की दिसते, नाही पटले की दिसत नाही.

शनिवार, १ सप्टेंबर उजाडला. दुपारी बाराचा सामना. सकाळपासून खालच्या रस्त्याने पिवळ्या-निळ्या कपड्यांतली माणसे वारीसारखी चालली होती. प्रतिस्पर्धी कोण, तर नॉर्थ कॅरोलिनाच्या डोंगरातल्या बून गावचे ॲपॅलॅचियन स्टेट. त्यांचा संघ दुय्यम गटातला. त्या गटाचा विजेता खरा, पण मिशिगन देशात पाचव्या क्रमांकावर. येऊन खेळण्याबद्दल पाहुण्यांना चार लाख डॉलर बिदागी ठरलेली होती. मोठ्या वाहिन्या आधी आपल्या पसंतीचे सामने उचलतात. कुणाला नको असलेला हा सामना म्हणूनच नव्या वाहिनीच्या वाट्याला आला होता. ताई म्हणाली, "अरे, जा ना तू एखाद्या हॉटेलात. छत्रीवाली असतील की पुष्कळ." तसे भावोजी निघालेही होते, पायांत बूट घातले होते. पण दोन रात्री किरकिरत असलेली पोर नेमकी त्याच वेळी त्यांच्या छातीवर झोपी गेली. आई खुणेनेच म्हणाली, हलू नका!

तेव्हा बूट घालूनच ते आरामखुर्चीत बसून राहिले. मी रेडिओ आणून शेजारी ठेवला, अगदी बारीक आवाजात. फ्रँक बेकमन नावाचे मिशिगनचे जुने समालोचक होते. त्यांचा शब्द न् शब्द भावोजी आम्हाला कुजबुजत समजावून देत. खिडकी उघडी होती. स्टेडियम तिथून मैलभर, म्हणजे आपला अर्धा कोस. काही घडले की रेडिओवरचा शब्द आधी येई, आणि चारपाच सेकंदांनी खिडकीतून ती लाख माणसांची गर्जना येई, दूर कुठेतरी धरणाचे दार उघडावे तशी. सामना पाहावा तसा आम्ही तो त्या पाच सेकंदांतच पाहिला. रेडिओ काही सांगे, आणि मग आम्ही चौघेही खिडकीकडे कान लावून बसत असू.

पहिला गोल मिशिगनचा. खिडकी भरून गर्जना आली. पोर झोपलेलीच. पण मध्यंतराला पाहुणे २८, मिशिगन १७! भावोजी काही बोलेनात. खिडकीतून येणारा आवाजही पातळ होत चालला. आईला खेळ कळत नव्हता, पण आवाज कळत होता. "हरतायत का हो तुमचे?" तिने विचारले. शेवटची साडेचार मिनिटे उरली असता मिशिगनचा एक गडी चेंडू घेऊन चौपन्न यार्ड पळत सुटला, आणि मिशिगन एका गुणाने पुढे गेले. ३२ विरुद्ध ३१. त्या वेळी आलेल्या गर्जनेने तावदान थरथरल्याचे मला आठवते. कदाचित ते माझ्याच मनाचे असेल. भावोजींचा एक पाय आपोआप जमिनीवर आपटला, आणि आईने डोळे वटारले.

मग सव्वीस सेकंद उरली असता पाहुण्यांनी चेंडू लाथाडून तीन गुण मिळवले. ३४–३२. तरीही मिशिगनला अखेरची एक लाथ मिळाली. सदतीस यार्डांवरून, सहा सेकंद बाकी. रेडिओवर बेकमन यांचा आवाज चढला आणि तुटला. कॉरी लिंच नावाच्या पाहुण्या खेळाडूने मध्ये झेपावून ती लाथ अडवली होती, आणि तोच चेंडू घेऊन तो पळत होता. आम्ही खिडकीकडे पाहिले. पाच सेकंद गेली. दहा गेली. काहीच आले नाही.

त्या दिवशी आत १,०९,२१८ माणसे होती. इतकी माणसे गप्प झाली की काय होते, ते मी ऐकले आहे. आणि चार तास त्या गोंगाटात निवांत झोपलेली पोर त्या शांततेने दचकून जागी झाली, आणि तिने जो टाहो फोडला तो भावोजींच्या वतीनेच होता, असे मला वाटले. भावोजींनी तिला खांद्यावर घेतले, आणि बूट घातलेल्या पायांनी खोलीत येरझाऱ्या घालू लागले. बराच वेळ ते कुणाशी बोलले नाहीत.

"नाही दिसलं तेच बरं झालं हो," आई म्हणाली. "हरलेला सामना, आणि वर त्याचे पैसे भरायचे!"

बून गावी त्या रात्री विद्यार्थ्यांनी आपल्याच मैदानातला गोलचा खांब उपटून मिरवत नेला आणि कुलगुरूंच्या अंगणात ठेवला, हे दुसऱ्या दिवशी वाचले. अमेरिकन महाविद्यालयीन खेळाच्या इतिहासातले हे एक मोठे आश्चर्य ठरले, आणि ते घडले तेव्हा मिशिगनच्याच असंख्य घरांत पडदा कोरा होता. रडल्याशिवाय आई दूध पाजत नाही असे आपण म्हणतो. इथे रडले सगळे, तरी दूध मिळायला साडेनऊ महिने लागले. २००८ सालच्या जूनमध्ये वाहिनीचे आणि सर्वांत बड्या केबल कंपनीचे जमले. व्हॉलीबॉलवाल्या मुलीचे शेवटचे वर्ष तोवर संपून गेले होते.

पुढे या वाहिन्यांचे पीकच आले. टेक्सस विद्यापीठाने २०११ साली एकट्याची वाहिनी काढली. पश्चिम किनाऱ्याच्या विद्यापीठांनी २०१२ साली काढली, आणि तिला डायरेक्टीव्हीने अखेरपर्यंत घेतले नाही. २०२४ सालच्या जूनअखेरीस या दोन्ही वाहिन्या मिटल्या. बिग टेनची मात्र चांगली वाढली. तिच्या पैशांचा विद्यापीठांना केवढा आधार झाला, आणि त्या काळात खेळणाऱ्या पोरांच्या हातात शिष्यवृत्तीपलीकडे काही पडत नव्हते, याचा हिशेब लोक मांडीतच होते. २०२५ सालच्या जुलैपासून विद्यापीठांना आपल्या उत्पन्नातला वाटा खेळाडूंना थेट देण्याची मोकळीक मिळाली आहे. हे सारे वाचताना मला आमच्या महाविद्यालयाच्या खो-खोच्या मुली आठवतात. गेल्या वर्षी त्या आंतरमहाविद्यालयीन अंतिम सामना जिंकल्या, तेव्हा मैदानाच्या कडेला आम्ही मोजून बावीस जण होतो. मुलींच्या आयांपैकी एकही नव्हती. दुपारची वेळ, कामावरून सुटणार कोण? एका शिपायाने आपल्या फोनवर चित्रण केले, तेच संध्याकाळी सगळ्या घरांत फिरले. त्यात शेवटचा गडी बाद होतो तेव्हा नेमके त्याचे बोट भिंगावर आले आहे.

भावोजी आणि ताई बारा वर्षांपूर्वी न्यू जर्सीला राहायला गेले. लगेच पुढच्या वर्षी, २०१४ साली, न्यू जर्सीचे रटगर्स विद्यापीठ बिग टेनमध्ये आले; त्याच्या मागोमाग वाहिनीही तिथल्या केबलवर घरोघर आली. म्हणजे स्टेडियमपासून अर्ध्या कोसावर राहत असताना जो सामना दिसला नाही, तो आता शेकडो कोसांवरून भावोजींना आरामखुर्चीत दिसतो. ॲपॅलॅचियन स्टेटचा संघ २०१४ साली पुन्हा मिशिगनला खेळायला आला. मिशिगनने ५२–१४ असा धुव्वा उडवला; पण सात वर्षे झाल्यावर केलेल्या परतफेडीत तेवढा राम नाही, असे भावोजींचे मत.

छातीवर झोपलेली ती पोर यंदा अठरा पूर्ण झाली, आणि ॲन आर्बरलाच शिकायला गेली. विद्यार्थ्यांच्या तिकिटावर ती आता स्वतः त्या खड्ड्यात उतरते. सप्टेंबरात मी ताईला फोन केला तो नेमका सामन्याच्या वेळी. भावोजी इंटरनेटवरून सामना बघत होते. त्यातले चित्र प्रत्यक्षापेक्षा अर्ध्या मिनिटाने मागे असते म्हणे. इकडे पडद्यावर खेळाडू अजून रांगेत उभे, आणि तिकडून लेकीचा निरोप येऊन धडके : झाला, झाला! पाठोपाठ दुसरा. फोनवर मला मागून भावोजींचा आवाज ऐकू आला, ते ताईला कळवळून सांगत होते, "तिला कळव गं, सांगू नकोस म्हणावं! मला बघू दे!"